छंद, वेड आणि बर्डिक

बहुतेक प्रत्येक घरात असा एक माणूस असतो, ज्याच्या कपाटाच्या एका खणाला हात लावायची बाकीच्यांना बंदी असते. कुणाच्या खणात जुनी नाणी, कुणाच्या पोस्टाची तिकिटं, तर कुणाच्या काडेपेट्यांची चित्रं. हेच लहान मुलाने केलं की किती कौतुक होतं! पाहुणे आले की त्याला आतून अल्बम आणायला सांगतात. पण तोच मुलगा चाळीस वर्षांचा झाला, नोकरीला लागला आणि तरीही तेच करत बसला तर? मग पाहुणे येणार म्हटलं की घरचेच तो खण बंद करून घेतात. वस्तू तीच, माणूसही तोच. मधल्या काळात बदलतं ते फक्त वय. मग कौतुकाचं हसू आणि टिंगलीचं हसू यात एवढा फरक का पडतो?

हा प्रश्न मला आमच्या घरातच पडला (त्याबद्दल पुढे सांगतेच) आणि तो सुटावा म्हणून शोधाशोध करताना एका माणसाची ओळख झाली. नाव जेफरसन बर्डिक. अमेरिकेत खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्या अनेकांना हे नाव माहीत आहे. आपल्याकडे मात्र त्याला कुणी ओळखत नाही. तो काही खेळाडू नव्हता, श्रीमंत नव्हता, प्रोफेसरही नव्हता. तो एका कारखान्यात विजेच्या सामानाची जुळवाजुळव करायचा. आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे तो मला थोडासा आपल्यातलाच वाटला. म्हणून लेखात त्याला अरे-तुरे करतेय, राग मानू नये.

आधी ही कार्डं म्हणजे काय ते सांगते. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटात मिळायच्या. पाकीट खिशात दबून सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं, की तुकडा घालतोच आहोत तर त्यावर चित्र का छापू नये? झालं! नट्या, झेंडे, पक्षी, राजे आणि बेसबॉलचे खेळाडू त्या तुकड्यांवर आले. एक सेट पुरा करायचा म्हटलं की तीच सिगारेट पुन्हा पुन्हा घ्यावी लागणार. म्हणजे पॅकेजिंग आणि मार्केटिंग, दोन्ही कामं एका तुकड्यात. सिगारेट मोठी माणसं ओढायची आणि कार्डं त्यांच्या मुलांच्या खिशात जायची. इंग्लंडमध्येही हेच चाललं होतं. तिथल्या सिगारेट कार्डांवर आपले रणजितसिंहजीसुद्धा झळकले होते.

बर्डिकचा जन्म १९०० सालचा. न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज शहराजवळ सेंट्रल स्क्वेअर नावाचं छोटं गाव आहे, तिथला. तो साधारण दहा वर्षांचा असताना अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉल खेळाडूंची एक प्रचंड मोठी मालिका बाजारात आणली होती. १९०९ ते १९११ या काळात निघालेली पाचशेहून जास्त कार्डं! ती वेगवेगळ्या ब्रँडच्या पाकिटांतून यायची. असं सांगतात, की छोटा जेफरसन आणि त्याचे दोस्त आपापल्या वडिलांच्या मागे लागायचे, की बाबा, आता हा ब्रँड पुरे, पुढच्या वेळी तो दुसरा आणा! आणि वडील बिचारे मुलासाठी ब्रँड बदलायचे. (संपादकांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये, मी सिगारेटचा प्रचार करत नाहीये!) सांगायचा मुद्दा एवढाच, की बर्डिकच्या छंदाला मिळालेला पहिला प्रतिसाद हा होता. वडिलांना कार्डांमध्ये काही रस असायचं कारण नव्हतं. पण मुलाला आहे ना, मग आपली सवय थोडी बदलू. आज ना उद्या मुलगा मोठा होईल आणि हे सगळं सुटेल, असंही त्यांना वाटलं असेल.

पण ते सुटलं नाही.

बर्डिक मोठा झाला, सिराक्यूज विद्यापीठात शिकला आणि पुढे त्याच शहरात क्राऊस-हाइंड्स नावाच्या कंपनीत लागला. ही कंपनी विजेचं सामान बनवायची, ट्रॅफिक सिग्नलसुद्धा. बर्डिक तिथे सुट्या भागांची जोडणी करायचा. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. आणि तिशीत त्याला संधिवाताने गाठलं. ज्याचं पोट हाताच्या बोटांवर चालतं, त्याची बोटंच आखडायला लागली. हा आजार पुढे आयुष्यभर वाढतच गेला.

आता जरा डोळ्यासमोर आणा. तिशी उलटलेला, अविवाहित, आजारी माणूस. दिवसभर कारखान्यात काम करतो, संध्याकाळी खोलीवर येतो आणि शाळकरी मुलांची बबलगमची कार्डं आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पाकिटातले पुठ्ठे मांडून बसतो. त्या काळी कार्डांची दुकानं नव्हती, मेळावे नव्हते, किमतीही नव्हत्या. बहुतेक कार्डं काही सेंटला मिळायची. म्हणजे हा छंद इन्व्हेस्टमेंट आहे असं सांगून लोकांची तोंडं बंद करायचीही सोय नव्हती. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात ते मी लिहायची गरज नाही. लग्नाच्या वयात लग्न केलं असतं तर हे उद्योग सुचले नसते, हे वाक्य तर हमखास!

मग बर्डिकने काय केलं? लोकांना पटवत बसला नाही. त्याने आपल्यासारखे लोक शोधले. १९३० च्या दशकात छंदांना वाहिलेल्या एका मासिकात तो कार्डांवर लेख लिहू लागला. १९३७ मध्ये त्याने स्वतःचं एक छोटंसं पत्रक सुरू केलं, कार्ड कलेक्टर्स बुलेटिन. ते पोस्टाने जायचं. त्यातून कळलं, की या गावात एक जण आहे, त्या गावात दुसरा आहे. प्रत्येकाला वाटत होतं की असं वेड आपल्या एकट्यालाच आहे! मग पत्रं सुरू झाली, अदलाबदल सुरू झाली. पेनसिल्व्हेनियातले चार्ल्स ब्रे, ज्यांनी पुढे हे बुलेटिन चालवलं, किंवा इलिनॉयमधले लायनेल कार्टर, जे बँकेत नोकरी करायचे, ही सगळी अशीच साधी माणसं. आपण म्हणतो ना, घरच्यांना नाही कळत पण हॉस्टेलच्या मित्रांना कळतं. त्यांचं हॉस्टेल पोस्टाच्या पाकिटात होतं, एवढाच फरक.

या दोस्तमंडळींपुढे एक गमतीशीर अडचण होती. समजा मला तुमच्याकडून एक कार्ड हवं आहे. पत्रात लिहिणार काय? तो टोपीवाला, ज्याच्या मागे लाल रंग आहे आणि पाठीवर अमुक सिगारेटची जाहिरात आहे तो? एकाच खेळाडूची तीन-तीन चित्रं, एकाच चित्रामागे दहा-दहा जाहिराती. सगळा गोंधळ! नाव नाही म्हणून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून काय राहिलंय तेही कळत नाही.

इथे बर्डिकमधला खरा इंजिनिअर जागा झाला, असं मी म्हणेन. १९३९ मध्ये त्याने एक कॅटलॉग काढला. पुढे तो अमेरिकन कार्ड कॅटलॉग या नावाने ओळखला गेला आणि १९४६, १९५३ आणि १९६० मध्ये त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या आल्या. पद्धत अगदी साधी. आधी एक इंग्रजी अक्षर, मग आकडा. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. ई म्हणजे जुन्या गोळ्या-चॉकलेट आणि गमची, आर म्हणजे त्यानंतरची. डी म्हणजे बेकरीची. आणि पुढचा आकडा त्या मालिकेचा. त्याच्या लहानपणीच्या त्या भल्यामोठ्या मालिकेला नंबर मिळाला टी-२०६.

आमच्या डेटाबेसच्या तासाला सर प्रायमरी की शिकवत होते तेव्हा माझ्या डोक्यात बर्डिकच होता. कम्प्युटर नाही, सॉफ्टवेअर नाही, फक्त कागद, पेन्सिल, टाइपरायटर आणि दुखरी बोटं. आणि त्यावर हजारो मालिकांना एकेक ओळख देणारी व्यवस्था! आजही कार्डांचे लिलाव करणारे मोठमोठे लोक टी-२०६ हेच नाव वापरतात. ज्याला आपण पसारा म्हणतो, त्याचा संग्रह केव्हा होतो? माझ्या मते, त्यातली कोणती गोष्ट कुठे आहे आणि कोणती अजून नाही हे सांगता आलं की. बर्डिकने एका आख्ख्या देशाच्या पसाऱ्याचा संग्रह करून दाखवला.

टी-२०६ चं नाव निघालंच आहे तर वॅगनरची गोष्ट सांगायलाच हवी. होनस वॅगनर हा पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा मोठा खेळाडू. या मालिकेतलं त्याचं कार्ड थोडंसं छापून थांबवलं गेलं. का? एक कारण असं सांगतात, की आपल्या चित्रासाठी मुलांनी तंबाखू घ्यावी हे त्याला पटत नव्हतं. दुसरं असं, की त्याला कंपनीकडून मोबदला हवा होता. कारण काहीही असो, आज ही कार्डं जगात मोजून पन्नास-साठच्या आसपास उरली आहेत. बर्डिकच्या कॅटलॉगमध्ये या कार्डाची किंमत होती ५० डॉलर. बाकीची सेंटमध्ये असताना ५० डॉलर म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ! आणि २०२२ मध्ये असंच एक कार्ड विकलं गेलं ७२ लाख ५० हजार डॉलरला.

हा आकडा मुद्दाम उशिरा सांगितला. कारण आता तुमच्यापैकी अनेकांचा चेहरा बदलला असणार. मघाशी जो वेडा वाटत होता तो एकदम दूरदृष्टीचा वाटायला लागला ना? हीच तर गंमत आहे. आणि इथेच मला आमच्या काकांबद्दल सांगायचंय.

माझे काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहेत. वय वर्षं बावन्न. त्यांच्याकडे क्रिकेटच्या कार्डांनी भरलेल्या दोन ट्रंका आहेत. सुरुवात झाली ती शाळेत असताना, बिग फन बबलगममध्ये खेळाडूंचे फोटो यायचे तेव्हापासून. मागे रन किंवा विकेट छापलेल्या असत आणि रन जमवले की बक्षीस मिळे. काकांनी बक्षिसासाठी फोटो कधी दिलेच नाहीत. पुढे आम्ही लहान असताना क्रिकेट अटॅक्सची पाकिटं आली, तेव्हा ते पोरांसाठी आणतोय असं सांगून पाकिटं आणायचे आणि आमच्या आधी स्वतः फोडायचे. काकूच्या ते कधीच लक्षात आलं होतं. ती त्या ट्रंकांना सवत म्हणते. आजी त्याला कचरा म्हणते. कंपनीतले मित्र एकच प्रश्न विचारतात, विकले तर किती येतील? आणि काका नुसतं हसतात.

एकदा आम्ही सगळे पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला गेलो होतो. तिथले अडकित्ते बघून आजी इतकी हरखली, की तिथून हलेचना. एका माणसाने किती जिवापाड जमवलंय, असं म्हणत राहिली. काका शेजारीच उभे होते. मला तेव्हा फार हसू आलं, नंतर फार वाईट वाटलं. काचेच्या मागे गेलं की तो संग्रह आणि घरात असला की कचरा! गेल्या वर्षी आमचं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं आणि दोन ट्रंकांचा विषय निघाला. फ्लॅटमध्ये माळा नाही. रद्दीवाल्याचा भाव किलोवर. मी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा जेवताना यावर बोलणं चाललं होतं आणि काका एक अक्षर बोलत नव्हते. त्या रात्री मी त्यांच्या कार्डांची किंमत शोधायला बसले, म्हणजे भांडताना एक मुद्दा हाताशी असावा. किंमत काही फार निघाली नाही. पण शोधता शोधता बर्डिक भेटला.

तर पुन्हा बर्डिककडे. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याच्यासमोरही हाच प्रश्न होता. घर लहान, संग्रह अफाट, तब्येत ढासळती आणि मागे कुणी नाही. आपण गेल्यावर याचं काय होणार? विकायचं ठरवलं असतं तर तुकडे तुकडे होऊन सगळं विखुरलं असतं. त्याने विचार केला तो थेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टचा! हे म्हणजे रेम्ब्रांट आणि ड्यूररची मूळ छापील चित्रं जपणारं ठिकाण. तिथे हा कारखान्यातला माणूस सांगतो, की माझ्याकडे बबलगमची कार्डं आहेत, फुकट देतो, घेता का?

त्या म्युझियमच्या छापील चित्रांच्या विभागाचे प्रमुख होते ए. हायट मेयर. त्यांनी सरळ हाकलून दिलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण मेयर यांनी पाहिलं, की हीसुद्धा छापील चित्रंच आहेत. उलट सामान्य माणसाच्या हातात रोज जी चित्रं पडत होती ती हीच. गेल्या पन्नास-साठ वर्षांत लोक काय खात होते, कशावर हसत होते, कुणावर प्रेम करत होते ते या पुठ्ठ्यांवर आहे. शिवाय संग्रह फक्त खेळाडूंचा नव्हता. जाहिरातींची कार्डं, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, सगळंच होतं. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. हे सगळं लावून द्यायचं काम बर्डिकने स्वतः करायचं. कारण हे ज्ञान दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच.

मग सिराक्यूजहून न्यूयॉर्कला हप्त्याहप्त्याने कार्डं येऊ लागली. दोन्ही शहरांत अंतर सुमारे चारशे किलोमीटर. बर्डिक नोकरी सांभाळून हे करत राहिला. १९५९ मध्ये तब्येतीमुळे नोकरी सोडावी लागली, तेव्हा तो न्यूयॉर्कलाच राहायला आला. म्युझियमच्या विभागात त्याला एक टेबल मिळालं. तिथे बसून तो अल्बमची मोठमोठी पानं पुढे घ्यायचा आणि एकेक कार्ड आपल्या कॅटलॉगच्या क्रमाने डिंकाने चिकटवायचा.

हो, डिंकाने! आजच्या कार्डवाल्यांना हे ऐकूनच धडकी भरते. कार्डाचा कोपरा जरा दुमडला तरी किंमत कोसळते, आणि हा माणूस मागून डिंक लावतोय! पण मला वाटतं, बर्डिकला समजून घ्यायचं असेल तर त्या डिंकाकडेच बघायला हवं. चिकटवलेलं कार्ड पानातून सुटून कुणाच्या खिशात सहज जात नाही. बाजाराच्या दृष्टीने त्याने आपल्या कार्डांचं मोल घालवलं आणि त्याच हाताने त्यांना कायमची जागा दिली. त्याच्या डोक्यात पैसा कधी नव्हताच, हे त्याने डिंकाने लिहून ठेवलं.

एव्हाना त्याची अवस्था अशी होती, की अंगावरचा कोट आणि डोक्यावरची हॅट काढणं हेसुद्धा एक काम होऊन बसलं होतं. बोटं पार वाकडी झाली होती. त्याच बोटांनी हे काम चाललं होतं. मी सहज हिशोब केला. एकूण वस्तू तीन लाखांहून जास्त, आणि वेळ सुमारे पंधरा वर्षं. एकही सुट्टी न घेता रोज काम केलं असं धरलं तरी दिवसाला पंचावन्नच्या वर. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये दहा आकृत्या चिकटवताना रडू येतं!

१० जानेवारी १९६३ च्या संध्याकाळी, पाचच्या सुमारास, शेवटचं कार्ड चिकटवून झालं. बर्डिकने काम पूर्ण झाल्याचं विभागात सांगितलं. कोट चढवला, आपण आता परत येणार नाही असंही सांगून टाकलं आणि तो निघाला. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. १३ मार्च १९६३ ला तो गेला. दोन महिनेसुद्धा नीट विश्रांती मिळाली नाही. काम संपेपर्यंत शरीराला थांबवून धरलं होतं, असंच वाटतं.

मागे काय राहिलं? काहीशे अल्बम. त्यात तीन लाखांहून जास्त वस्तू. त्यातली तीस हजारांहून जास्त तर नुसती बेसबॉलची कार्डं, आणि त्यात एक होनस वॅगनरही आहे. मेट म्युझियममध्ये ही कार्डं थोडी थोडी करून, आलटून पालटून प्रदर्शनात मांडतात. लोक तिथे रेम्ब्रांट बघायला जातात आणि बर्डिकही बघून येतात.

बर्डिकचं आयुष्य वाचून झाल्यावर मी त्याच्या आजूबाजूच्या माणसांचा विचार करत बसले. वडिलांनी ब्रँड बदलला. पत्रमित्रांनी कार्डं पाठवली, चुका दुरुस्त केल्या, यादी वाढवली. मेयर यांनी टेबल दिलं. यापैकी वडिलांना तर कार्डांचं वेड असायचं कारणच नव्हतं आणि मेयर हे कलेचे जाणकार, कार्डवाले नव्हेत. म्हणजे एखाद्याचा छंद समजायला तो छंद आपल्यालाही असायलाच हवा असं नाही. छंद असलेल्या मोठ्या माणसाला आपण दोनच गोष्टी देतो, एक तर हसू नाहीतर भाव. हे काय पोरकट, किंवा याचे किती येतील? दोन्ही प्रश्नांत तो माणूस कुठेच नसतो. बर्डिकच्या माणसांनी तिसरी गोष्ट दिली. जागा. थोडीशी, एका टेबलाएवढी.

आणि जागा मिळाल्यावर बर्डिकनेही आपला वाटा उचलला, हे विसरून चालणार नाही. त्याने कुणाच्या गळ्यात पसारा टाकला नाही. क्रम लावला, नंबर दिले, आपण नसलो तरी दुसऱ्याला वाचता येईल असं करून ठेवलं. आमच्या घरात हीच बाजू लंगडी होती. ट्रंकेत काय आहे ते फक्त काकांना ठाऊक. बाकीच्यांना दिसायचा तो पुठ्ठ्यांचा ढीग. ढिगावर प्रेम करा असं आजीला कसं सांगणार?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आणि काका कामाला बसलो. मी लॅपटॉपवर यादी करत होते, काका एकेक कार्ड हातात घेऊन सांगत होते. साल, खेळाडू, कुठून मिळालं. बर्डिकची पद्धत जशीच्या तशी उचलली. बी म्हणजे बबलगम, ए म्हणजे अटॅक्स, एम म्हणजे मासिकांसोबत आलेली. पहिल्या दिवशी काकू येता-जाता टोमणे मारत होती. दुसऱ्या दिवशी तिने चहा तिथेच आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, की तो श्रीकांत कुठे गेला, लग्नानंतर पहिल्यांदा कार्डं दाखवली होती तेव्हा मला तोच आवडला होता. काकांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. हे ते विसरले होते आणि तिच्या लक्षात होतं! श्रीकांत बी विभागात, सतराव्या पानावर निघाला.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. ट्रंका दोन होत्या, त्यातली एक अजून लावायची राहिलीय. फ्लॅटचा ताबा पुढच्या काही महिन्यांत मिळेल आणि तिथे जागेची मारामारी आहेच. आजीचं मत बदललेलं नाही, ते बदलेल असं वाटतही नाही. पण नवीन घराच्या फर्निचरवाल्याशी बोलताना काकूने शोकेसखाली एक बंद खण जास्तीचा सांगितला आहे. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

जाता जाता हॉस्टेलमधल्या तुम्हा सगळ्यांसाठी. आपण इथे चार-चार वर्षं एका खोलीत राहतो. रूममेट कुठल्या विषयात अडकलाय, त्याची मेसची बाकी किती, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या कॉटखालच्या त्या जुन्या खोक्यात काय आहे, हे कधी विचारलंय का? विचारा एकदा. किंमत विचारू नका, फक्त दाखव म्हणा. आणि स्टडी टेबलवरची आपली पुस्तकं थोडी बाजूला सरकवून त्याला जागा करून द्या.